पहिल्या वाचनापासून तिसऱ्या घंटेपर्यंत : हौशी नटांनी भीती कशी सांभाळायची

सांगलीत राहणाऱ्या माणसाला नाटकाचं वेड वेगळं लावावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच 'सीता स्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला सगळीकडे रंगभूमी दिन होतो आणि साधारण त्याच सुमारास आमच्यासारख्या हौशी ग्रुपांच्या तालमीही पेटलेल्या असतात, कारण राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आलेली असते. दरवर्षी चार-पाच नवीन पोरंपोरी ग्रुपला जोडली जातात, कोणी बँकेत असतं, कोणी कॉलेजात, कोणी एसटीत, आणि दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या तालमीनंतर कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "दादा, लोकांसमोर उभं राहिलं की पाय थरथरतात हो, कॉन्फिडन्स कसा आणायचा?" सगळ्यांना तेच तेच तुकड्या-तुकड्यात सांगत आलोय, म्हणून यावेळी एकदा सविस्तर लिहून काढतो.

आधी एक समजून घ्या. थरथरणं ही शरीराची तयारी आहे. अॅड्रेनलिन वाढतं, छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं, तळहाताला घाम येतो, आणि हे वीस-वीस वर्षं काम करणाऱ्यांनाही होतं, मलाही प्रत्येक प्रयोगाला होतं. खरा घोटाळा पुढे होतो. भीती वाटली की आपलं सगळं लक्ष स्वतःवर येतं, माझा आवाज बरा येतोय का, माझे हात कसे दिसतायत, पुढचं वाक्य आठवेल का, तो तिसऱ्या रांगेतला माणूस का हसला. लक्ष एकदा आत वळलं की समोरचा काय बोलतोय ते कानावर पडतं पण आत जात नाही आणि मग नट एकटा पडतो. म्हणून खाली जे जे सांगतोय त्याचा हेतू एकच आहे, लक्ष स्वतःवरून उचलायचं आणि समोरच्या माणसावर, हातातल्या कामावर नेऊन ठेवायचं, आणि ही सवय तालमीतच लागते. प्रयोगाच्या दिवशी ती आणता येत नाही.

वाचन चालू असताना

संहिता हातात आली की नव्वद टक्के लोक पहिलं काय करतात तर स्वतःची वाक्यं मार्करनं रंगवतात आणि तेवढीच पाठ करायला घेतात. कृपा करून असं करू नका. सुरुवातीचे पाच-सहा दिवस अख्खं नाटक वाचा, आपला प्रवेश नसलेली पानंसुद्धा, आणि प्रत्येक प्रवेशासाठी वहीत तीन गोष्टी लिहा : मी आत्ता कुठून आलोय, मला समोरच्याकडून काय पाहिजे, आणि ते मिळू नये म्हणून मध्ये काय आडवं येतंय. उत्तर एका ओळीत आणि क्रियेत लिहायचं. "मी दुःखी आहे" असं लिहिलंत तर स्टेजवर तुम्ही दुःखी दिसण्याचा प्रयत्न करणार आणि तो प्रयत्न लोकांना दिसणार. "मला बाबांकडून घराची किल्ली पाहिजे, पण मागितली तर मी जातोय हे त्यांना कळेल" असं लिहिलंत तर तुम्हाला काम मिळालं. काम असलेल्या नटाला घाबरायला वेळ कमी मिळतो, हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय.

पाठांतर

यावर जरा जास्त बोलतो, कारण अर्धी भीती कच्च्या पाठांतराची असते आणि लोक तिला स्टेजची भीती समजतात.

पाठांतर करताना पहिले काही दिवस वाक्यं सपाट म्हणा, कुठलाही भाव न घालता, बाजाराची यादी वाचल्यासारखी. घरी एकट्यानं भाव घालून पाठ केलं की तो सूर घट्ट बसतो, आणि मग समोरच्यानं तालमीत वेगळ्या पद्धतीनं वाक्य टाकलं तरी तुमचं उत्तर तेच ठरलेल्या चालीत येतं. दिग्दर्शक घसा फोडून सांगतो "ऐकून बोल", पण चाल सुटत नाही.

दुसरं, आपलं वाक्य समोरच्याच्या वाक्याला बांधून पाठ करायचं. त्याच्या वाक्यातला कुठला शब्द मला बोलायला लावतो तो शोधा, तो बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी नसतो, मध्येच असतो, आणि तिथंच तुमच्या मनात उत्तर सुरू व्हायला पाहिजे. मोबाईलवर समोरच्याची वाक्यं रेकॉर्ड करून मध्ये रिकामी जागा सोडायची आणि गाडीवर, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना त्याला उत्तर द्यायचं (गाडीवर हेडफोन नको, मोठ्यानं म्हणा, लोक बघतात तर बघू देत). मोठी स्वगतं हातानं लिहून काढा. आणि परीक्षा अशी घ्या : दोघांनी एकमेकांकडे बॉल फेकत वाक्यं भराभर म्हणायची, अडकला की प्रवेशाच्या सुरुवातीपासून. बॉल झेलताना वाक्य आलं तर ते पक्कं, नाहीतर अजून कच्चं. हे प्रयोगाच्या दहा-बारा दिवस आधी पास व्हायला पाहिजे म्हणजे त्यानंतरच्या तालमी पाठांतराच्या नसून नाटकाच्या होतात.

आवाज आणि मराठीची एक अडचण

आवाज पोचवणं म्हणजे ओरडणं असं नव्यांना वाटतं आणि दोन रनथ्रूमध्ये (म्हणजे न थांबता घेतलेल्या अख्ख्या नाटकाच्या तालमीत) घसा बसतो. ताकद श्वासाची लागते. जमिनीवर उताणं झोपा, पोटावर जाडसर पुस्तक ठेवा, श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे आणि खांदे हलता कामा नयेत. मग तसाच श्वास घेऊन "स" असा बारीक आवाज काढत सोडा, पंधरा सेकंदांपासून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. रोज दहा मिनिटं, महिनाभर. त्यानंतर हम्म करून नाकाच्या आसपास, ओठांवर जी झिणझिण येते तिच्यावर वाक्य बोलायचं, आवाज न वाढवता लांब जातो.

आता अडचण. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार तर त्याहून शेवटी. "मी त्याच्याकडून पैसे घेतले" आणि "मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत" यातला सगळा फरक शेवटच्या शब्दात आहे, आणि आपला श्वास नेमका तिथंच संपतो, सूर खाली जातो, शब्द गिळला जातो. पहिल्या दोन रांगांना कळतं, मागच्यांना उलटा अर्थ कळतो. मी तर नव्यांच्या संहितेत प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारून घेतो आणि आठवडाभर तो शब्द मुद्दाम जास्त जोर देऊन म्हणायला लावतो, नंतर तो जोर आपोआप योग्य जागी येऊन बसतो.

उच्चारासाठी "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" आणि "कच्चा पापड पक्का पापड" आहेतच, पण ते वेगानं म्हणण्यापेक्षा आधी अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर चावून म्हणा. च-ज-झचे दोन-दोन उच्चार सांभाळा, 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगायला सांगणं, लिहिताना सारखं, बोलताना वेगळं. आणि पात्र मिरजेचं की मालवणचं ते बघून बोली घ्यायची, सगळ्याच गावाकडच्या माणसांना एकच "काय रं" लावून टाकायचं नाही, त्या त्या भागातल्या प्रेक्षकाला ते लगेच खटकतं.

घशाची काळजी : डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं त्याआधी ते कान-नाक-घशाचे सर्जन होते, आणि मला नेहमी वाटतं की आवाज हा शरीराचा अवयव आहे हे आपण सगळ्यांनीच तेवढं गांभीर्यानं घ्यायला पाहिजे. पाणी थेट स्वरतंतूंवर पडत नाही, ते अंगात भिनावं लागतं, म्हणून एंट्रीच्या आधी बाटली रिकामी करून उपयोग नाही, सकाळपासून थोडं थोडं प्या. सारखं खाकरणं थांबवा. घसा बसला तर कुजबुजत बोलू नका, त्यानंही ताण येतो, गप्प बसा. खडीसाखर, ज्येष्ठमध चघळायला हरकत नाही, बरं वाटतं. आठवड्याच्या वर आवाज बसलेला राहिला तर डॉक्टरकडे जा.

उभं राहणं, हात, आणि नजर

"हातांचं काय करू?" हा प्रश्न मला वाटतं नाटकाइतकाच जुना असेल. हातांना काम द्या. पात्र घरात असेल तर घरात माणसं काय करतात ते बघा, कोणी पेपरची घडी घालतं, कोणी शेंगा सोलतं, कोणी चष्मा पुसतं. पण काम खरं करायचं, शेंगा सोलायच्या तर खऱ्या सोलायच्या. आणि जिथं काहीच काम नाही तिथं हात खाली मोकळे सोडून द्या, तुम्हाला ते विचित्र वाटेल, बघणाऱ्याला अजिबात वाटत नाही, खात्री करायची तर तालमीचा व्हिडिओ काढून बघा.

वजन दोन्ही पायांवर. नवीन नट बोलताना डुलतो, किंवा प्रत्येक वाक्याला अर्धं पाऊल पुढे जातो, त्याला ते कळतही नाही. तालमीत पायाखाली वर्तमानपत्र ठेवून पूर्ण प्रवेश बोलायचा, कागद चुरगळला की कळतं. हाललात तर कारणानं हाला आणि पूर्ण चाला.

नजरेबद्दल एवढंच की समोरच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यात बघा, आणि विचार करायला, आठवायला नजर सोडाल तेव्हा ती प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीकडे, बाल्कनीच्या कठड्याच्या उंचीवर जाऊ दे. जमिनीकडे गेली तर चेहरा अंधारात जातो.

ऐकणं

हे सगळ्यात कमी शिकवलं जातं. स्टेजवर तुमचा अर्ध्याहून जास्त वेळ दुसऱ्याचं ऐकण्यात जातो आणि प्रेक्षक तेव्हाही तुम्हालाच बघत असतात. एक व्यायाम करा, समोरच्यानं वाक्य बोलल्यावर लगेच आपलं वाक्य टाकायचं नाही, आधी त्याच्या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दात परत म्हणायचा आणि मग आपलं वाक्य घ्यायचं. "म्हणजे तू सांगतोयस की तू उद्या येणार नाहीस", आणि मग संहितेतलं. प्रवेश चौपट लांब होतो, पहिल्या वेळी कंटाळा येतो, पण दुसऱ्या दिवशी तोच प्रवेश नेहमीसारखा घेतला की सगळ्यांची वाक्यं नवीन वाटायला लागतात. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी, भयंकर लाजाळू, वाचनाला सुद्धा आवाज फुटत नव्हता, तिला मी आवाजाबद्दल एक शब्द बोललो नाही, पंधरा दिवस फक्त हा व्यायाम करायला लावला. रनथ्रूला तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत आला, कारण तिला समोरच्याला खरंच काहीतरी सांगायचं होतं.

थिएटर मिळाल्यावर

हौशी माणसांची तालीम शाळेच्या हॉलमध्ये, कोणाच्या गच्चीवर, मंगल कार्यालयात होते आणि खरं स्टेज प्रयोगाच्या दिवशीच मिळतं. म्हणून तालमीच्या जागेत पहिल्या दिवसापासून खडूनं किंवा सुतळीनं स्टेजची मापं आखून घ्या, दार कुठं, खिडकी कुठं, लेव्हल (स्टेजवरचा उंचवटा) किती उंच. आणि थिएटर ताब्यात आलं की नेपथ्यवाले ठोकाठोकी करत असतानाच नटांनी हे उरकून घ्यायचं :

सगळं स्टेज चालून घ्या, प्रत्येक विंगेतून आत-बाहेर करा, विंगेमागं वायरी कुठं पसरल्यात, मेकअप रूमपासून विंगेपर्यंत किती वेळ लागतो ते बघा. मित्राला शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसवा आणि अवघडातलं अवघड वाक्य त्याला ऐकवा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, लोक भरले की माणसांचे कपडे आवाज शोषून घेतात, तेव्हा रिकाम्यात "बास" वाटलं की थोडा अजून लागणार हे गृहीत धरा. वर टांगलेले माइक असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका.

मग लाइट. आपल्या जागेवर उभं राहून चेहऱ्यावर ऊब कुठं लागते ते शोधायचं, नटाला लाइट डोळ्यांपेक्षा गालावर जास्त कळतो. एक पाऊल मागं गेलात तर नाक-डोळे गायब. काळोखात हालचाल असेल तर काळोख होण्याच्या काही सेकंद आधी, शक्य असेल तिथं, एक डोळा मिटून ठेवा, अंधारात तो उघडला की लवकर दिसायला लागतं. आणि फर्निचरच्या जागांवर, लेव्हलच्या कडेला रेडियमच्या पट्ट्या स्वतः बघून लावून घ्या, काळोखात लेव्हलवरून पाय घसरून मोडलेला मी पाहिलाय.

प्रयोगाचा दिवस

जेवण प्रयोगाच्या अडीच-तीन तास आधी, हलकं, मसालेदार नको. अगदी उपाशीही राहू नका, उपाशी पोटी थरथर वाढते, एखादं केळं जवळ ठेवा. चहा नेहमीपेक्षा जास्त नको.

आपली प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवर हाताळायच्या वस्तू, स्वतः तपासा, बॅकस्टेजवाल्यांनी लावली असली तरी. पत्र खिशात आहे का, काडेपेटीत काड्या आहेत का, दाराची कडी कुठल्या बाजूला उघडते. यात दोन फायदे, एक तर चूक टळते आणि दुसरं म्हणजे घाबरलेल्या डोक्याला काहीतरी ठोस काम मिळतं. बॅकस्टेजच्या मुलांशी नीट बोला, त्यांनी वेळेवर दार धरलं नाही तर तुमची एंट्री होत नाही.

हात थरथरत असतील तर पहिल्या प्रवेशात हातात कागद किंवा कप-बशी घेऊ नका, दोन्ही गोष्टी थरथर मोठी करून दाखवतात. दिग्दर्शकाला तालमीतच सांगून कागदाऐवजी जाड वही, कप-बशीऐवजी पितळी तांब्या असं करून घ्या. जड वस्तू हात स्थिर करते.

पहिल्या घंटेच्या आधी अंग मोकळं करा, जबडा चोळा, मोठ्या जांभया द्या, ओठांची फुर्र करा, पाच मिनिटं हम्म. मग श्वास : नाकानं चार आकडे आत, तोंडानं सात-आठ आकडे बाहेर, असं दहा वेळा. बाहेर सोडायचा श्वास लांब असला की धडधड खरंच कमी होते. भिंतीला दोन्ही हात टेकवून भिंत ढकलल्यासारखा जोर लावा आणि सोडा, अंगात उसळलेली ताकद कुठंतरी खर्च व्हायला पाहिजे. पडद्याच्या फटीतून कोण कोण आलंय ते बघायला जाऊ नका. परीक्षक कुठं बसलेत ते कळून तुमचं काम सुधारत नाही.

तिसरी घंटा होते, रंगदेवतेला आणि रसिकांना अभिवादनाची अनाउन्समेंट चालू होते, तेव्हा विंगेत स्वतःला एकच प्रश्न विचारा, मी आत्ता कुठून आलोय? उन्हातून आलोय का, भांडून आलोय का, दोन जिने चढून आलोय का. आणि एंट्री विंगेच्या कडेवरून घेऊ नका, तीन-चार पावलं आतून चालत या, म्हणजे प्रेक्षकांना दिसाल तेव्हा तुम्ही आधीच त्या घरात असाल. पहिलं वाक्य तालमीपेक्षा किंचित सावकाश, कारण लोक अजून बसतायत, मोबाईल बंद करतायत, त्यांच्या कानाला तुमचा आवाज ओळखीचा व्हायला दोन मिनिटं लागतात. भीतीमुळं आपला वेग वाढलेला असतो हे धरूनच चाला.

हशा आला तर तो पूर्ण चढू द्या, उतरायला लागला की वाक्य टाका. पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर भोक पडतं, मध्येच बोललात तर वाक्य फुकट जातं आणि पुढच्या वेळी लोक हसायला बिचकतात. थांबताना पुतळा होऊ नका, हातातलं काम चालू ठेवा. टाळी मिळाली म्हणून पुढच्या प्रवेशात ती परत मागायला जाऊ नका, आणि तालमीत न झालेली अॅडिशन प्रयोगात टाकू नका, समोरच्या नटाचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

ब्लँक झालात तर

होणार, कधी ना कधी सगळे होतात. मी झालोय, प्राथमिक फेरीत, दुसऱ्या अंकात, आईशी शेवटचं बोलणं होतं आणि डोक्यात पांढरं पडलं, एक शब्द नाही. मी विंगेकडे बघितलं नाही एवढं मात्र त्या दिवशी नीट केलं. माझ्या आईचं काम करणाऱ्या काकूंकडे बघत राहिलो. त्यांनी खाटेखालचा तांब्या उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पाणी पी आधी. मग सांग, जायचं ठरलंय का तुझं?" हे संहितेत कुठंच नव्हतं. मी पाणी प्यायलो आणि "ठरलंय" म्हणालो, आणि तिथून पुढचं सगळं आलं. नंतर कित्येक लोकांनी तो पाणी प्यायचा क्षण छान बसवलाय म्हणून सांगितलं.

त्यातून मी जे शिकलो ते करायचं असं : श्वास सोडा (घेऊ नका, आधी सोडा), समोरच्याच्या डोळ्यात बघा, तो शेवटचं काय बोलला ते आठवा, आणि मला याच्याकडून काय पाहिजे हे आठवा. वहीत लिहिलेली ती एक ओळ इथं कामाला येते. शब्द नाही आले तरी त्या अर्थाचं काहीतरी आपल्या पात्राच्या भाषेत बोला. आणि समोरचा ब्लँक झाला तर त्याचं वाक्य तुम्ही म्हणून टाकू नका, त्याला असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्याचं पुढचं वाक्य असेल. हे तालमीत मुद्दाम करून बघा, आम्ही शेवटच्या आठवड्यात एक रनथ्रू असा घेतो की दिग्दर्शक कुणाही एकाला गुपचूप सांगतो, अमुक जागी विसर, आणि बाकीच्यांनी नाटक न थांबवता सावरायचं. तीन-चार वेळा सावरलं की प्रयोगात भीतीचं मूळच सैल होतं.

काही पडलं, फुटलं, तर पात्र जे करेल ते करा, उचला, बाजूला सारा. न बघितल्यासारखं केलंत तर प्रेक्षक उरलेला प्रवेश त्या पडलेल्या चमच्याकडेच बघतात. चूक झाल्यावर चेहऱ्यावर "अरे यार" येऊ द्यायचं नाही. बहुतेक चुका प्रेक्षकांना त्या चेहऱ्यामुळंच कळतात.

प्रयोगानंतर

त्या रात्री कोणाचंच मत मनावर घेऊ नका, कौतुकही नाही आणि टीकाही नाही, सगळे थकलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वही काढून प्रवेशागणिक लिहा, कुठं मी खरंच ऐकत होतो, कुठं लक्ष स्वतःवर गेलं, कुठल्या वाक्याला श्वास पुरला नाही. परीक्षकांशी बोलायची संधी मिळाली तर वाद घालू नका, "कुठल्या प्रवेशात असं वाटलं?" एवढंच विचारा आणि लिहून घ्या. अंतिम फेरी लागली किंवा दुसरा प्रयोग ठरला तर त्याच्या दोन दिवस आधी एकदा तरी सगळ्यांनी बसून, हालचालींशिवाय, नुसतं वाचन करा, संहिता हातात घेऊन, पहिल्या दिवसासारखं. पहिला प्रयोग बरा झाला की दुसऱ्यात सगळे पहिल्याची नक्कल करायला जातात आणि ऐकणं बंद होतं, त्या वाचनाला ते परत सुरू होतं.